मेहेरबानी आणि हक्क

२० नोव्हेंबर

दहा डिसेंबरला, मानवी हक्क दिनी, बडोद्याच्या निजामपुऱ्यातल्या आमच्या वाचन मंडळात जॉन लॉकवर बोलायचं ठरलं आहे. शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना त्याचं नाव यायचं, पण पाठ्यपुस्तकातल्या दोन ओळींपुरतं : जीवित, स्वातंत्र्य, मालमत्ता. आता मूळ ग्रंथ काढून बसले आहे. दुपारी सोसायटी शांत असते, तेवढ्यात वीस-पंचवीस पानं होतात.

राज्यकारभारावरचे त्याचे दोन प्रबंध १६८९ च्या अखेरीस छापले गेले, तेही निनावी. हा माणूस जिवंत असेपर्यंत लेखक म्हणून पुढे आला नाही. मृत्युपत्राच्या पुरवणीत काय ती कबुली. भित्रा म्हणून नव्हे. १६८३ साली ऑल्जर्नन सिडनीचं डोकं उडवलं गेलं, आणि खटल्यात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं ते त्याच्याच टेबलावरचं, छापलंही न गेलेलं हस्तलिखित. राजाला जाब विचारता येतो, एवढंच त्यात म्हटलं होतं. त्याच वर्षी लॉक हॉलंडला निघून गेला आणि १६८९ मध्ये परतला. हे कळल्यावर ती पानं वेगळी वाटायला लागतात. 'राज्य लोकांच्या संमतीने चालतं' हे वाक्य आज दहावीचं पोर परीक्षेत लिहून दोन गुण घेतं. त्या काळी त्याची किंमत मान देऊन चुकवावी लागे.

पहिला प्रबंध सहसा कुणी वाचत नाही, दुसऱ्यावर उडी मारतात. मी वाचला. रॉबर्ट फिल्मर नावाच्या सरदाराचं म्हणणं होतं की देवाने आदमला सत्ता दिली, ती बापाकडून मुलाकडे येत आजच्या राजापर्यंत पोचली, म्हणून राजा हा प्रजेचा बाप. लॉक एकेक वचन घेऊन ते खोडत जातो. कंटाळवाणं आहे, पण आवश्यक होतं. जन्माने सत्ता मिळते ही कथा आधी मोडल्याशिवाय हक्कांची भाषा सुरूच होत नाही.

२२ नोव्हेंबर

मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत गेले होते. रिक्षाने फतेगंजवरून गावात शिरायचं म्हणजे अर्धा जीव धुरात जातो, पण आत पाऊल टाकलं की सगळं विसरायला होतं. लोखंडी घोडे, आणि मजल्यांना जाड काचेच्या फरशा. वरच्या मजल्यावर कुणी चालत असलं की खालून सावली सरकताना दिसते. काच अशासाठी, की दिवसाचा उजेड शेवटच्या कप्प्यापर्यंत पोचावा.

सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि राजवाड्यातली आपली सुमारे वीस हजार पुस्तकं लोकांसाठी देऊन टाकली. पुढे गावोगाव वाचनालयं झाली. जिथे तीही नव्हती तिथे लाकडी पेट्यांतून फिरती पुस्तकं जाऊ लागली.

लॉकचा मानवी बुद्धीवरचा ग्रंथही प्रबंधांच्याच सुमाराचा. त्याचा मुद्दा एवढाच, की माणूस मनात काही कोरून घेऊन जन्माला येत नाही. मन कोऱ्या कागदासारखं असतं. जे कळतं ते पाहून, ऐकून, हाताळून आणि मग त्यावर विचार करून. वाचायला साधं आहे, पण परिणाम केवढा! ज्ञान जन्माने येत नसेल, तर ज्ञानाच्या नावावर जन्माने मिळवलेला अधिकारही पोकळ ठरतो.

बडोद्यात याचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ, बारा वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा, १८७५ साली दत्तक म्हणून इथे आणला गेला. तेव्हा त्याला धड लिहिता-वाचता येत नव्हतं. इलियट साहेबांच्या हाताखाली सहा-सात वर्षं शिकला आणि पुढे सयाजीराव म्हणून देशातला सर्वांत व्यासंगी संस्थानिक झाला. मला त्यांच्याविषयी खरा आदर वाटतो तो याच्या पुढच्या पायरीसाठी. शिक्षणाने आपल्यात जो फरक पडला तो कुणाच्याही पोरात पडेल, हा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि त्यावर पैसा खर्च केला. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण, १९०६ मध्ये सबंध संस्थानात. मुलगे सात ते बारा, मुली सात ते दहा. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड. गोखल्यांनी १९११ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानासाठी असंच विधेयक आणलं तेव्हा बडोद्याचं उदाहरण समोर होतं. सरकारने ते पडू दिलं.

२३ नोव्हेंबर

साक्रीहून आलेला एक मुलगा युनिव्हर्सिटीत एम.एस्सी.ला आहे, बहिणीच्या ओळखीतला. हॉस्टेल मिळालं नाही, म्हणून निजामपुऱ्यात आणि फतेगंजात खोली शोधतोय. संध्याकाळी घरी आला होता. म्हणाला, "काकू, भाडं कुणी आधी सांगतच नाही. आधी आडनाव. आडनावावरून कळलं नाही तर मग, 'तमे केवा?'" चहा घेतला, जास्त बोलला नाही.

इथे राहणाऱ्याला हे दोन शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. जात विचारण्याची ही इथली रीत.

२६ नोव्हेंबर

आज संविधान दिन. सकाळी नाक्यावरच्या शाळेतून उद्देशिकेचं सामूहिक वाचन ऐकू येत होतं, गुजरातीतून.

दुसऱ्या प्रबंधाच्या शेवटाशी लॉक एक प्रश्न विचारतो. राजा आपल्या विश्वासाला जागला की नाही, हे ठरवणार कोण? आणि उत्तर देतो : लोक. ज्याने कारभार सोपवला, तोच तो नीट झाला की नाही हे सांगणार. बाकीचा सगळा ग्रंथ या उत्तरासाठी आहे असं मला वाटतं.

आमच्या गावात हा प्रश्न एकदा अगदी ठळकपणे उभा राहिला होता. मल्हारराव गायकवाडांचा कारभार जुलमी होता, रयत गांजली होती, याबद्दल वाद नाही. दादाभाई नौरोजी १८७४ मध्ये दिवाण म्हणून आले, पण फार काळ टिकू शकले नाहीत. मग रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला आणि चौकशी मंडळ बसलं. तीन इंग्रज, तीन हिंदी : शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला, हिंदी सभासदांना वाटला नाही. तीन विरुद्ध तीन. तरी एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढलंच, कारण दिलं गैरकारभाराचं.

राजा जाणं योग्य होतं, असं मीही म्हणेन. पण ठरवलं कोणी? कलकत्त्याने. ज्यांच्या पाठीवर तो कारभार चालला होता, त्या रयतेला कुणी विचारलं नाही. आणि मग त्याच कलकत्त्याच्या संमतीने आम्हांला सयाजीराव मिळाले. प्रजेच्या नशिबाने राजा चांगला निघाला, पण जाणाराही तिने ठरवला नव्हता नि येणाराही. १९०८ मध्ये धारासभा झाली, तीही सल्ला देण्यापुरती. लॉकच्या मोजपट्टीने पाहिलं तर सयाजीरावांनी प्रजेला जे दिलं ते फार मोठं होतं, पण ती देणगी होती. देणगी देणारा बदलला की आटते. हक्क आटत नाही, कारण तो कुणी दिलेलाच नसतो.

महाराजांच्या गावात राहून हे लिहिताना हात जड होतो. तरी ते खरं आहे.

२८ नोव्हेंबर

जोतीराव फुल्यांचा स्मृतिदिन. लॉकनंतर शंभर वर्षांनी टॉमस पेनने हक्कांचा विचार सोप्या, धारदार इंग्रजीत सर्वसामान्यांसाठी मांडला, आणि त्याचं 'राइट्स ऑफ मॅन' जोतीरावांनी १८४७ मध्ये, विशीत, वाचलं. तिथून ही गोष्ट मराठीत आली.

मागे फिल्मरबद्दल लिहिलं, ते वाचताना 'गुलामगिरी' आठवत होती. १८७३ चं पुस्तक, जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद. मत्स्य, कच्छ, वराह, एकेक अवतार घेऊन जोतीराव त्याची चिरफाड करतात. कित्येक विद्वानांना हा भाग ओबडधोबड वाटतो. मला तसं वाटत नाही. लॉकला आदमचा वारसा मोडावा लागला, जोतीरावांना ब्रह्मदेवाच्या मुखाचा. दोघांनी जन्मकथा आधी पाडली आणि मग मोकळ्या जागेवर हक्कांचं बोलणं मांडलं. 'सार्वजनिक सत्यधर्म' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये आलं. त्यात निर्मिकाने स्त्री-पुरुष सर्वांना सारखेच हक्क देऊन जन्माला घातलं आहे, असं स्वच्छ सांगितलं आहे. स्त्रियांचं नाव त्यात वेगळं, आवर्जून घेतलं आहे. लॉकने ते इतक्या ठामपणे कधी घेतलं नाही.

बडोद्याचा धागा असा, की 'शेतकऱ्याचा असूड' जोतीरावांनी इथे येऊन सयाजीरावांना वाचून दाखवला होता. त्यांनी तो आवडीने ऐकला, याची नोंद जोतीरावांनीच पुस्तकात करून ठेवली आहे. साल १८८३, महाराज जेमतेम विशीचे. आदल्याच वर्षी हंटर कमिशनपुढे जोतीरावांनी निवेदन दिलं होतं : सरकारी उत्पन्न येतं शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणावर ते खर्च होतं वरच्या वर्गांवर, म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ज्याचा पैसा, त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार. लॉकही हेच सांगतो : लोकांच्या संमतीशिवाय कर घेता येत नाही. जोतीरावांनी लॉक वाचला असेल वा नसेल, त्याने काही बिघडत नाही. शेतसारा भरणाऱ्या माणसाला हा विचार शेताच्या बांधावरही सुचू शकतो.

१ डिसेंबर

लॉकचं दुसरं अंग भाषणात झाकून ठेवायचं नाही, असं ठरवलं आहे.

त्याच्या ग्रंथाची सुरुवात गुलामगिरीच्या निषेधाने होते. त्याच लॉकने रॉयल आफ्रिकन कंपनीत पैसे गुंतवले होते, आणि ती कंपनी माणसं विकत होती. कॅरोलायना वसाहतीच्या १६६९ च्या घटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता. त्या घटनेत निग्रो गुलामावर मालकाची पूर्ण सत्ता लिहिली आहे. सहिष्णुतेवरच्या पत्रात त्याने नास्तिकांना वगळलं, कॅथलिकांनाही जवळपास बाहेर ठेवलं.

'तो त्याच्या काळाचा माणूस होता' म्हणून सोडून देणं मला पटत नाही. सिडनीही त्याच काळाचा होता, आणि विचारासाठी वधस्तंभावर चढला. लॉकचं दार अर्धवट उघडं होतं. ज्यांना त्याने बाहेर ठेवलं, त्यांच्याच वारसांनी पुढे त्याचं वाक्य उचलून दार पूर्ण उघडलं. जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी तो दुवा ओळखला होता.

३ डिसेंबर

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई विचारत होत्या, आरटीईचे फॉर्म कधी निघतात. मुलीला पुढच्या वर्षी पहिलीत घालायचंय. उत्पन्नाचा दाखला काढायला हवा, भाडेकरार हवा. "सरकार देतंय तर घेऊन बघते, बेन," म्हणाल्या. त्यांना सांगितलं, देतंय असं म्हणू नका. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आहे. त्याच्या आधी, २००२ मध्ये, संविधानात कलम २१-क घातलं. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे, आणि खासगी शाळेतल्या पंचवीस टक्के जागा तुमच्या मुलीसारख्यांसाठी आहेत. त्यांनी मान डोलावली आणि कागदांची यादी लिहून मागितली. देवनागरीत नको, गुजरातीत द्या म्हणाल्या. दिली.

६ डिसेंबर

बाबासाहेब आंबेडकरांचा स्मृतिदिन. कमाटीबागेत जाऊन आले. पाटीवर सयाजीबाग लिहिलंय, पण बडोदेकराच्या तोंडी कमाटीबागच. संकल्पभूमीवर सकाळपासून गर्दी, निळे झेंडे, पांढऱ्या साड्यांतल्या बायका, खांद्यावर पोरं घेतलेले बाप. फुलं वाहायला रांग होती, उभी राहिले.

या गावात त्यांच्या बाबतीत जे घडलं ते बाबासाहेबांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले. बदल्यात दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची होती. १९१७ च्या सप्टेंबरात ते हजर झाले. कोलंबिया आणि लंडन पाहून आलेल्या या अधिकाऱ्याला गावात एकाही हिंदू खानावळीत जागा नव्हती. शेवटी पारशी नाव लावून पारशांच्या विश्रामगृहात राहिले, दीड रुपया रोज. माडीवर दुसरं माणूस नाही, दिवा मिणमिणता, दिवाणखान्यात अडगळीचा ढीग. कचेरीत फायली लांबून टाकल्या जात. सरकारी बंगल्यासाठी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्याशी आले. संध्याकाळच्या आत खोली खाली करायची. एका हिंदू मित्राकडे विचारलं, तो म्हणाला नोकर निघून जातील. एक ख्रिस्ती मित्र म्हणाला बायकोला विचारावं लागेल. मुंबईची गाडी रात्री होती. मधले पाच तास या बागेत काढले.

आता लॉक उघडून बघा. राज्यसंस्था नसताना माणसाचं काय अडतं, हे तो तीन गोष्टींत सांगतो. सर्वांना ठाऊक असलेला ठरीव कायदा नसतो. भांडण तोडायला निःपक्ष न्यायाधीश नसतो. आणि निकाल लागलाच तर तो अमलात आणायला ताकद नसते. या तीन उणिवांसाठी माणसं एकत्र येऊन राज्य उभं करतात, असं त्याचं म्हणणं. १९१७ चं बडोदं हे देशातल्या सर्वांत सुधारलेल्या राज्यांपैकी एक. कायदे होते, कोर्टं होती, पोलीस होते. त्या जिन्यावर मात्र आंबेडकरांसाठी यातलं एकही नव्हतं. घर मिळण्याचा कायदा नव्हता, दाद मागायला जागा नव्हती, आणि राजाची मर्जी असूनही ती काठ्यांपुढे पोचत नव्हती. भर वस्तीत, कायद्याच्या राज्यात, एका माणसापुरतं राज्यच नव्हतं.

लॉकला भीती होती सिंहासनाची. त्याचा सगळा बंदोबस्त राजाविरुद्ध आहे. बाबासाहेबांनी या गावात पाहिलं की माणसाचा हक्क शेजारीही हिरावतो, मित्रही, आणि राजा चांगला असला तरी हिरावतो. म्हणून भारताच्या संविधानात असं काही आहे जे लॉकमध्ये सापडत नाही. कलम १५ चं दुसरं उपकलम दुकान, हॉटेल, विहीर, तलाव यांची नावं घेऊन सांगतं की जात-धर्मावरून कुणाही नागरिकाला तिथे अडवता येणार नाही. कलम १७ अस्पृश्यता संपवतं आणि ती पाळणं गुन्हा ठरवतं. ही कलमं सरकारपुरती नाहीत, तुम्हांला-मला बांधतात. बाबासाहेबांनी कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटलं, कारण त्याने दाद मागायला थेट सर्वोच्च न्यायालयाचं दार दिलं. लॉकने सांगितलेल्या तीन उणिवा त्यांनी एकेक करून भरून काढल्या.

भाषणाचा गाभा हाच ठेवणार.

८ डिसेंबर

साक्रीच्या मुलासाठी आमच्याच सोसायटीत विचारलं. एक फ्लॅट रिकामा आहे. भाडेकरूचा छापील अर्ज मिळाला : नाव, गाव, नोकरी, खाण्याची पद्धत, आणि पुढे 'ज्ञाति', म्हणजे जात. एवढी वर्षं इथे राहते आहे, पण भाड्याने कधी काही दिलं-घेतलं नाही, म्हणून हा अर्ज आज पहिल्यांदा हातात आला. विचारलं, हा रकाना कशाला? उत्तर मिळालं, "बेन, पहेलेथी छे." आधीपासूनच आहे. उत्तर देणाऱ्याच्या आवाजात वाईट काही नव्हतं, ते मला जास्त लागलं.

रात्री कायदा काढून वाचला. नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५, कलम ४. कोणत्याही वस्तीत राहण्याचं घर बांधणं, मिळवणं किंवा त्यात राहणं, याला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी केली तर शिक्षा आहे. बाबासाहेबांच्या त्या अकराव्या दिवसानंतर अडतीस वर्षांनी आलेला कायदा.

मुलाला छाणी जकातनाक्याकडे खोली मिळाली. भाडं पाचशेने जास्त, आणि कॉलेजला लांब.

१० डिसेंबर

भाषण झालं. माणसं बरीच होती, दोघी-तिघी गुजराती शेजारणीही आल्या, म्हणून मधूनमधून गुजरातीत बोलले.

शेवटी हंसाबेन मेहतांचं सांगितलं. त्यांचे वडील मनुभाई मेहता १९१६ पासून बडोद्याचे दिवाण. म्हणजे आंबेडकरांचा अर्ज कचेऱ्यांतून फिरत होता, तेव्हा कारभार त्यांच्याकडे होता. तीस वर्षांनी त्याच दिवाणांची मुलगी आणि तोच अर्जदार संविधान सभेत एका छताखाली बसले, दोघेही मूलभूत हक्कांसाठी झटत. १९४७-४८ मध्ये हंसाबेन संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर होत्या. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघेल अशी रचना होती. त्यांनी हरकत घेतली, की काही देश याचा आधार घेऊन बायकांना वगळतील. ती बदलून 'सर्व मानव' झाली, आणि १० डिसेंबर १९४८ ला जगाने ती स्वीकारली. पुढच्या वर्षी त्या आपल्या विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. फतेगंजला जाता-येता आपण ज्या लायब्ररीवरून जातो, तिला त्यांचं नाव आहे. समोरच्या कित्येकांना हे ठाऊक नव्हतं. लॉकने अर्धं उघडलेलं दार ज्यांनी लोटलं, त्यांत बडोद्याच्या दिवाणवाड्यातली ही बाई आहे.

प्रश्नोत्तरांत एका आजोबांनी विचारलं, आता याचं आपण काय करायचं? मी त्यांना अर्ज दाखवला.

भाडेकरू-अर्जातला 'ज्ञाति'चा रकाना काढून टाकावा, असा ठराव मी १९५५ च्या कायद्याच्या कलम ४ सह आज सोसायटीच्या चिटणिसांकडे लेखी दिला आहे. खाली सात घरांच्या सह्या आहेत. सभा एकवीस तारखेला रात्री नऊ वाजता, पार्किंगमध्ये. निजामपुऱ्यात जे कुणी अशा सोसायटीत राहतात, त्यांनी आपलाही अर्ज एकदा काढून पाहावा.